बिराजदारमामांची रेती

बिराजदारमामांनी मला विचारलेला पहिला प्रश्न म्हणजे, "रूळ कसा हाय? वला का कोरडा?"

मे महिन्यातली सकाळ, साडेदहालाच अंगाची काहिली होत होती. आमचं ऑफिस म्हणजे चादरींच्या एका दुकानावरचा पहिला मजला, आणि वर पत्रा. त्या खोलीत मधोमध आम्ही इलेक्ट्रिक इंजिनाची केबिन उभी केली होती. प्लायवूडचं टेबल, त्यावर वेग वाढवायचं हँडल, ब्रेकचे दोन दांडे, सुयांची घड्याळं आणि समोर तीन मोठे स्क्रीन. स्क्रीनवर रूळ, खांब, वरच्या तारा, लांबवर होटगीचं स्टेशन. नव्याने ड्रायव्हर होणाऱ्या मुलांना शिकवायला एका प्रशिक्षण संस्थेने हा सिम्युलेटर आमच्याकडून मागवला होता. त्यात काय चुकतंय ते सांगायला कुणीतरी अनुभवी माणूस हवा, म्हणून निवृत्त ड्रायव्हर असलेल्या मामांना बोलावलेलं. पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, खांद्यावर पंचा. त्यांनी पंचाची घडी करून खुर्चीवर टाकली, बसले, हँडलला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चालू कसं करायचं ते विचारतायत. तर हा प्रश्न.

"मामा, रूळ... रूळ स्क्रीनवर आहे की," मी म्हणाले.

"ते दिसायलंय मला. पर वला हाय का कोरडा? दव पडलंय? कुनी तेल सांडलंय? ह्ये कळल्याबिगर मी गाडीला हात कसा लावू, म्याडम?"

माझ्या प्रोग्रॅममध्ये चाकाची रुळावरची पकड हा एक आकडा होता. एकच. बाराही महिने, ऊन असो पाऊस असो, तोच. तो मी कुठल्याशा पुस्तकातून उचलला होता. हे त्यांना सांगायची लाज वाटली, म्हणून "कोरडा आहे" असं ठोकून दिलं. मामांनी मान हलवली, गाडी काढली, पाच मिनिटं चालवली, थांबवली आणि पंचा उचलून खांद्यावर टाकला. "ही गाडी न्हाय," ते म्हणाले. "ही फळी हाय. फळीला चाकं लावून वडायलाव तुमी."

खरं सांगायचं तर मला तेव्हा राग यायचंसुद्धा त्राण नव्हतं. पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरला परत येऊन दोन वर्षं झाली होती. वडिलांना अर्धांगवायू, आई थकलेली, मी एकुलती एक. इथं इंजिनिअरिंग कॉलेजमधला माझा वर्गमित्र अमोल हे काम करत होता. त्याच्याकडे रुजू झाले आणि इंजिनाची ओढ, चाकांची पकड, ब्रेक, ही सगळी गणितं माझ्या गळ्यात पडली. घरी वडिलांचं अंथरूण, ऑफिसात हे इंजिन. सकाळी घरातून निघताना वडिलांना "आज बरे दिसताय हं" म्हणायचं आणि जिना उतरायचा, हा रोजचा नेम. ते बरे दिसत नसत. त्यांनाही ते कळत असावं, पण दोघांनाही ते वाक्य लागायचं.

तर फळी. मामांचं म्हणणं असं, की मालगाडी एकदम हलत नाही. "पैला डबा हालतो, मग दुसरा, मग तिसरा. अठ्ठावन्न डबे हाईत म्याडम, येकेक जागा व्हतो. शेवटचा जागा झाला की हितं कळतं." हितं म्हणजे खुर्चीत, पंचाच्या घडीखाली. ड्रायव्हरचं निम्मं डोकं बुडात असतं, असं ते कुणाहीसमोर बिनदिक्कत सांगत. अमोल खो खो हसायचा. मला मात्र पुढचे पंधरा दिवस हसू आलं नाही, कारण अठ्ठावन्न डबे वेगवेगळे धरून, प्रत्येक जोडणीतली ढिलाई आणि ताण मांडून सगळं गणित मला पहिल्यापासून लिहावं लागलं. कॉम्प्युटर असा तापायचा की शेजारी भाकरी भाजून निघाली असती.

ते झालं तर घड्याळाची सुई आली. इंजिन किती वीज ओढतंय ते दाखवणारी ही सुई मी हँडलला बांधून टाकली होती. हँडल जितकं पुढं, तितकी सुई वर. मामांनी सुईवर टिचकी मारली. "ही हितं रुसून बसलीय काय? गाडी पळायला लागली की सुई आपोआप खाली येती. मग हँडल येक घर पुढं सरकवायचं, ती वर जाती. पुन्ना खाली येती. मग पुन्ना येक घर. सुई खाली यायची वाट न बघता जो हँडल वडतो ना, त्येचं चाक फिरतंया जाग्यावर. गाडी तितंच."

"वाट किती वेळ बघायची?" मी वही उघडून बसले.

"सुई खाली येस्तोवर."

"म्हणजे किती सेकंद?"

"अवो सेकंदात कशाला मोजताव? तिच्याकडं बघा की!"

असा सगळा प्रकार. मला आकडे हवे असायचे आणि मामांकडे आकडे नव्हते. पण त्यांनी चुकीचं म्हटलेलं तपासायला गेलं की दर वेळी पुस्तक मामांच्या बाजूनं निघायचं. हळूहळू मी वाद घालायचं सोडलं. त्यांनी म्हणायचं आणि मी लिहायचं. "म्याडम"ची "अक्का" कधी झाले ते आठवत नाही. जूनमध्ये केव्हातरी झाले असेन.

मामा मूळचे दुधनीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. निम्मी नोकरी बाहेरच्या मुलखात इलेक्ट्रिक इंजिनावर गेली. मग गाव जवळ पडावं म्हणून सोलापूरला बदली मागून घेतली, तेव्हा इथं डिझेल होतं, ते चालवलं. पुढं आपल्याकडंही तारा आल्या. मामा पुन्हा इलेक्ट्रिकवर बसले आणि वर्षाच्या आत डॉक्टरी तपासणीत त्यांना उतरवण्यात आलं. साखरेमुळं पायांना कमी कळतं, असा शेरा होता. निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं त्यांनी टेबलावर काढली, दुसऱ्यांच्या ड्युट्या लिहीत.

हा विषय निघाला की ते हमखास तापत. "चिमटा लावतो पायाला आन् इचारतो, कळतंय का? म्हनलं, कळतंय. म्हनतो, मी लावलाच न्हाय अजून! असली मस्करी. आरं बाबा, इतकी वरसं गाडी काडली, येकदा सुदीक चडावर आडकली न्हाय माझी. लोकं पाठीमागनं ढकलायला दुसरं इंजिन मागवायची, मी कदी मागवलं न्हाय. पायाला कळत न्हाय म्हनं!"

आणि थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, ते एकच वाक्य बोलत. "शेवटची गाडी बी मिळाली न्हाय बघ."

ही शेवटची गाडी काय ते मला त्यांच्याकडूनच कळलं. ड्रायव्हर निवृत्त होतो तेव्हा त्याच्या अखेरच्या फेरीला इंजिनाला झेंडूच्या माळा घालतात. गाडी स्टेशनात येते तेव्हा फलाटावर बायकोमुलं, सोबतचे ड्रायव्हर, कधी हलगी, कधी बँड. तो खाली उतरतो, बायको ओवाळते, मग तो इंजिनाला हात लावून नमस्कार करतो आणि घरी जातो. मामांनी असे कितीतरी समारंभ बघितले होते, स्वतः हार घेऊन उभे राहिले होते. त्यांच्या वाट्याला मात्र टेबलाशीच शाल-नारळ आला. "टेबलाला कसला हार घालायचा?" ते म्हणायचे.

आता रेतीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. चढावर, ओल्या रुळावर, भरलेली मालगाडी उचलताना चाक घसरायला लागतं. समोर एक दिवा लागतो. त्या क्षणी हँडल एक-दोन घरं मागं घ्यायचं आणि चाकापुढं रुळावर रेती सोडायची. इंजिनाला रेतीच्या पेट्या असतात. रेती पडली की चाक धरतं. हे सगळं दोन-तीन श्वासांचं काम. उशीर झाला की गाडी चढावर मरते. आमच्या केबिनमध्ये रेतीसाठी मी टेबलावर एक बटण दिलं होतं.

"बोटानं कोन रेती टाकतंय?" मामांनी त्या बटणाकडे असं बघितलं जसं कुणी त्यांच्या ताटात प्लास्टिक वाढलंय. "दोनी हात गुतलेले असतात. रेती पायानं टाकतेत. हितं खाली पेडल पायजे."

अमोल म्हणाला, राहू द्या मामा, मुलं शिकतील बटणावर. मामा म्हणाले, मग उद्या खऱ्या इंजिनात बटन हुडकत बसतील. संस्थेला आमच्याकडून एक लेखी मत हवं होतं, की हे यंत्र खऱ्या इंजिनासारखं चालतं, अनुभवी ड्रायव्हरच्या सहीचं. मामांनी सांगून टाकलं, "दुधनीच्या अलीकडचा चड, वला रूळ, भरलेला लोड. तितं मी सोता गाडी चडवीन, मग सही. आन् पायात पेडल असल्याबिगर मी त्या चडाला जात न्हाय." शेवटी अक्कलकोट रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पेडल करून आणलं. मामा स्वतः त्याच्या डोक्यावर उभे राहून स्प्रिंग किती कडक हवी ते सांगत होते. रेती सुटताना हवेचा सुर्र आवाज येतो, तोही त्यांनी माझ्याकडून चार वेळा बदलून घेतला.

आणि त्या पेडलानंच घात केला.

एक तर बघायला येणारे पाहुणे सगळे त्या चढावर आडवे व्हायला लागले. संस्थेचे साहेब आले, त्यांनीही गाडी मारली, घाम पुसला आणि म्हणाले की इतकं अवघड नको. अमोलनं माझ्यामागं भुणभुण लावली. शेवटी मी एक सोय करून ठेवली. माझ्या कॉम्प्युटरवर एक चौकोन, शेजारी लिहिलेलं "पाहुणे". त्यात खूण केली की चाक घसरायच्या बेतात आलं की यंत्र आपणहून रेती टाकायचं, आपणहून ताकद कमी करायचं. चालवणाऱ्याला वाटावं, आपणच चढवली. साहेब लोक खूश होऊन जायचे. मामांना हे आम्ही सांगितलं नव्हतं. उगीच डोक्याला ताप नको.

मग एके दिवशी मामांची गाडी अडकली. पेडल बसवल्यावर ओल्या रुळावर पहिल्यांदाच चढाला गेले होते. दिवा लागला, त्यांनी हँडल मागं घेतलं, पण रेतीचा आवाज आला नाही. गाडी मेली. "पेडल बिगडलं बग अक्का," ते म्हणाले. मी खाली वाकले, वायर बघितली, पेडल हातानं दाबलं. सुर्र. ठणठणीत होतं. मी मामांना पुन्हा चालवायला सांगितलं आणि स्क्रीनकडे न बघता टेबलाखाली बघत बसले. त्यांचा उजवा पाय पेडलाच्या बाजूला, चार बोटं अलीकडं, फरशीवर होता. दिवा लागला तसा तो पाय जोरात खाली दाबला गेला. फरशीवर. मामांचा चेहरा पूर्ण शांत होता. पाय पेडलावरच आहे याची त्यांना खात्री होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी उठले, हात झटकले आणि म्हणाले, "हो मामा, वायर सैल झालीय. उद्या करून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी वायरीला हातही लावला नाही. मामा पंचाची घडी टाकून बसले आणि मी माझ्या कॉम्प्युटरवर "पाहुणे"च्या चौकोनात खूण केली. गाडी चढली. मामांनी स्टेशनात आणून अशी उभी केली की एक धक्का नाही. "बगितलंस?" ते म्हणाले. "बघितलं," मी म्हणाले. सकाळीच वडिलांना "आज बरे दिसताय" म्हणून आले होते. एकाच दिवसात दोनदा तेच काम केलं, फार जड गेलं नाही. सवय वाईट असते ती अशी.

तीन आठवडे हे चाललं. मामा रोज यायचे, चढ चढायचे, मजेत असायचे. एकदा मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी महादेवीमामी, शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचं मशीन लई भारी हाय म्हनं. मी ह्येंला म्हनते पाय दाखवून येऊ डॉक्टरला, तर म्हनतेत, मशीनवर बग जाऊन, पाय ठनठनीत हाय. रेती कशी बराबर पडती म्हनं." मी डबा हातात घेतला आणि चटणीचं कौतुक केलं.

शेवटच्या गाडीची कल्पना अमोलची. सही तर घ्यायचीच आहे, तर त्याच दिवशी मामांची राहून गेलेली फेरी करून टाकू, असं तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रविवारी सकाळी अकराला सगळे जमले. झेंडूच्या माळा आमच्या प्लायवूडच्या टेबलाला, स्क्रीनला, अगदी पंख्याच्या रेग्युलेटरला. मामांच्या बरोबरीचे दोन निवृत्त ड्रायव्हर आले होते, मामी इरकल नेसून, ताटात निरांजन घेऊन. मामांनी जुना युनिफॉर्म चढवला होता आणि ड्युटीचे काळे बूट. मामींनी त्यांच्या गळ्यात हार घातला तेव्हा ते लाजले. मी "पाहुणे"वर खूण केली. अशा दिवशी गाडी अडकली तर? मी एवढाच विचार केला होता.

मामांनी गाडी काढली. "रूळ वला हाय," त्यांनी मोठ्यानं सांगितलं, सोबतचे हसले. चढ आला. सुई वर, सुई खाली, एक घर, अजून एक घर. सुर्र आवाज झाला, दिवा लागून लगेच विझला, गाडी चढायला लागली. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मामांनी हँडल शून्यावर आणलं, ब्रेक टाकला. गाडी चढाच्या मध्यावर उभी राहिली.

"अक्का," ते मागं न बघता म्हणाले, "कोन चालवायलंय ही गाडी?"

अमोल माझ्याकडं बघायला लागला. मी खोटं बोलू शकत होते, वायरीची कथा अजून शिल्लक होती. पण अंगात जोरच उरला नव्हता. सगळ्यांशीच गोड बोलून बोलून मी थकले होते. मी सगळं सांगितलं. चौकोन सांगितला, त्याचं नावही सांगितलं.

"पाव्हना?" मामा खुर्ची फिरवून माझ्याकडं वळले. "मी?"

ते एवढंच म्हणाले. त्यानंतर मला कितीतरी लोकांनी कितीतरी बोल लावलेत, पण इतकं मला कुणीच बोललेलं नाही.

"ते बंद कर," मामा म्हणाले. "आन् गाडी पुन्ना खाली ने. चडाच्या आदी."

"अहो मामा, राहू द्या की आता," अमोल म्हणाला. "झालं की सगळं. मामी ओवाळतील."

"काई झालं न्हाय. बंद कर, अक्का."

मी खूण काढली. गाडी खाली आली. मामा पुन्हा चढाला लागले आणि काय सांगू, त्यांचे हात बघत राहावं असे चालत होते. सुईची वाट बघणं, एकेक घर, घाई नाही. डबे एकामागं एक ताणले जात होते. दिवा लागला. हँडल दोन घरं मागं. आणि आवाज नाही. मामांनी मान जरा वाकडी करून ऐकलं. दिवा तसाच. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, वेगाची सुई थरथरत शून्याकडं आली. गाडी मेली.

"दाबलं की मी," मामा म्हणाले. "आवाज का येईना? पेडल..."

"पेडल चांगलं आहे, मामा," मी म्हणाले. "तुमचा पाय त्याच्यावर नाही."

त्यांनी खाली वाकून बघितलं. गळ्यातला हार पुढं लोंबत होता, तो एका हातानं बाजूला धरून बघितलं. पाय चार बोटं बाजूला होता. त्यांनी डोळ्यांनी बघत बघत तो उचलला, पेडलावर ठेवला, दाबला. सुर्र. काढला. पुन्हा ठेवला. सुर्र.

"म्हंजे त्यो डॉक्टर खोटं बोलला न्हवता," मामा म्हणाले.

मामींनी निरांजनाचं ताट माझ्या हातात दिलं आणि त्यांच्या पायाशी खाली बसल्या. मामा "बेडा, बेडा", नको नको, म्हणत पाय मागं घ्यायला लागले. "सुम्म कूडरी," मामी कानडीत डाफरल्या, गप बसा म्हणून. त्यांनी बुटाची नाडी सोडली, मोजा खाली ओढला. मोजा तळव्याला चिकटला होता. अंगठ्याखाली खोल जखम होती, काळी पडत चाललेली. चपलेतून एखादा खिळा नाहीतर काटा आला असेल कधीतरी. मामा त्या जखमेकडे दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसे बघत होते. "अय्यो शिवा," मामी म्हणाल्या, आणि मग रडल्या.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. तिथल्या डॉक्टरीणबाई मामींना म्हणाल्या, पंधरा-वीस दिवस आधी आणलं असतं तर बोटंही वाचली असती. त्या चिडून नव्हत्या बोलत, कागद लिहिता लिहिता बोलल्या. मी तिथंच उभी होते. पंधरा-वीस दिवस म्हणजे कुठले ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, असं मला वाटलं.

अमोलला मी सांगून टाकलं, तो चौकोन काढते, नाहीतर मला काढ. त्यानं चौकोन काढला. चढ चढला नव्हता, तरी मामांनी दवाखान्यातच कागदावर सही केली, ठळक, वळणदार; पाय चुकल्यावर खरं इंजिनही असंच अडकलं असतं, म्हणाले. पेडलाची स्प्रिंग अजून थोडी कडक पायजे, असं सहीखाली स्वतःच्या हातानं लिहून दिलं. नंतर ते ऑफिसात कधी आले नाहीत. दुधनीला राहायला गेले. वर्षभरानं हृदयविकारानं गेले. मामींचा फोन आला तेव्हा मी वडिलांना भरवत होते. वडिलांशी मी आता खरं बोलते. "आज बरे नाही दिसत," म्हणते, ते मान हलवतात, मग आम्ही दोघं जरा वेळ बसतो. मामांनी काय दिलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकेन.

पण एक गोष्ट राहिली. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना भेटायला गेले होते. मामी खाली चहाला गेल्या होत्या. मामा उशीला टेकून बसलेले, पायाला हे भलंमोठं बँडेज. मी स्टूल ओढलं आणि मनात घोळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

"मामा, मला माहीत होतं. तुमचा पाय पेडलावर पडत नाही, हे मला तीन आठवडे माहीत होतं. मी बोलले असते तर ही बोटं राहिली असती."

मामांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, आता निघून जायला सांगतील.

"मला बी म्हाईत हुतं की, अक्का," ते म्हणाले. "पैल्याच दिवशी. आदी रेती पडायची, मग दिवा लागायचा. मानसाला आदी दिवा दिसतो, मग पाय हालतो. मी म्हनलं, ही पोरगी करायलीय कायतरी. पाय असा चुकतोय ह्ये मातर रविवारीच कळलं."

"मग रविवारी का बोललात?"

"गळ्यात हार घालून खोटी गाडी कशी आनू?"

"आणि त्याच्या आधी? तीन आठवडे गप्प का राहिलात मामा?"

त्यांनी पांघरूण नीट केलं, पायावर ओढून घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"लई दिसांनी गाडी चडायली हुती, अक्का."